डबा कोणाच्या घरी परत करायचा?



शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे आपल्याला कोणी आणि कधी शिकवलं ते आठवतही नाही. आईनं असेल, आजीनं असेल. घरात काहीच नसलं तर निदान चमचाभर साखर घालायची, मगच डबा द्यायचा. मला हा रिवाज फार आवडतो. चमचाभर साखरेत किती बोलणं असतं! पण एखादीचा डबा असा येतो, की त्यात काय घालून परत करावं हेच कळत नाही.

या आठवड्यात पापडाच्या आणि गुडघेदुखीच्या पत्रांमध्ये एक पत्र असं निघालं, की मी ते दोनदा वाचलं. पत्र लिहिणारी भगिनी एका तालुक्याच्या गावी राहते. दुसरं बाळंतपण सिझेरियनचं झालं. मोठा मुलगा चार वर्षांचा. आई हयात नाही, सासूबाईंना जिना चढवत नाही, यजमानांची फिरती नोकरी. पलीकडच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, ख्रिस्ती आहेत. सगळ्या त्यांना ‘मावशी’ म्हणतात. तीन आठवडे या मावशींनी दोन्ही वेळचा डबा पाठवला, मोठ्याला बालवाडीत नेलं-आणलं, आणि एका रात्री बाळाला ताप चढला तेव्हा स्वतः रिक्षा करून दवाखान्यात घेऊन गेल्या.

“ताई,” ती लिहिते, “मी बरी झाल्यावर त्यांच्यासाठी चांगली बाराशेची साडी आणली. त्यांनी ती हातात घेतली, छान आहे म्हणाल्या आणि परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘मला नको गं. तुला जमेल तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी कर.’ ताई, मला फार लागलं. आमची साडी त्यांना चालत नाही का? सासूबाई म्हणतात, त्यांचा काहीतरी हेतू असणार, उगाच कोणी एवढं करत नाही. माझ्या डोक्यावर हे ओझं राहिलं आहे. मी काय करू?”

आधी ओझ्याचं बोलू. ते तुम्हाला वाटलं याचं मला मुळीच नवल नाही. आपल्या घरोघरी एक आहेराची वही असते. कोणाच्या मुंजीत कोणी काय दिलं, कोणाच्या बारशाला कोण रिकाम्या हातानं आलं, सगळं त्यात टिपलेलं असतं. आपल्या वेळी तेवढंच, फार तर जरा वरचढ द्यायचं. या वहीला कोणी हसू नये. नात्यातलं येणंजाणं तिच्यावर चालतं आणि अडीअडचणीला ती बँकेसारखी उपयोगी पडते. पण वहीचा एक नियम आहे: ज्याचं घेतलं त्यालाच द्यायचं. मावशींनी तुमची साडी परत केली, ती साडीत काही खोट होती म्हणून नव्हे. त्यांच्याकडे तुमच्या नावाची वहीच नाही. तुम्ही फेडायला गेलात आणि फेडून घेणारं कोणी भेटलं नाही, म्हणून तुम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मावशींचं ते वाक्य त्यांच्या मनचं असेल, पण त्यामागे त्यांच्या धर्मातलं शिक्षण आहे. आपल्यापैकी बऱ्याचजणींना नाताळचा केक तेवढा ठाऊक असतो, त्यापलीकडचं ठाऊक नसतं. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मराठी बायबलात या भावनेला ‘प्रीती’ म्हणतात. सिनेमातली प्रीती नव्हे! मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. समोरचा आपल्याला आवडतो की नाही, तो आपल्या नात्यातला की परका, तो परत काही देईल की नाही, हे न बघता त्याचं भलं करणं, असा तिचा अर्थ. येशूला एका शास्त्री माणसानं विचारलं, की शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणता, तर माझा शेजारी नेमका कोण? त्यावर येशूनं एक गोष्ट सांगितली. ती लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला चोरांनी लुटलं, मारलं, अर्धमेला करून टाकलं. त्या वाटेनं एक याजक गेला, बाजूनं निघून गेला. एक लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात रोटीव्यवहारही नव्हता. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि रात्रभर शुश्रूषा केली.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तिच्यातल्या दोन बारीक गोष्टी मला बाईमाणसाच्या नजरेनं फार मोलाच्या वाटतात. दुसऱ्या दिवशी त्या शोमरोन्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, याची काळजी घे म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला. म्हणजे सगळं त्यानं एकट्यानं केलं नाही. पुढचं काम दुसऱ्यावर सोपवलं. घरदार टाकून दुसऱ्याची सेवा करावी असं त्यात कुठंही नाही. आणि दुसरं असं, की बरा झालेला माणूस नंतर त्याला शोधत गेला का, त्यानं ते पैसे फेडले का, याबद्दल गोष्टीत एक शब्द नाही. गोष्ट तिथंच संपते.

त्याच लूकच्या चौदाव्या अध्यायात आपल्या आहेराच्या वहीलाच हात घातला आहे. जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भाऊबंदांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्याकडून परतफेड होणारच नाही त्यांना बोलाव, असं तिथं सांगितलं आहे. आणि पौलानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच म्हटलं आहे, की देव आपल्या दुःखात आपल्याला धीर देतो तो कशासाठी, तर तोच धीर आपण दुसऱ्या दुःखी माणसाला द्यावा म्हणून. तुमच्या मावशी जे बोलल्या ते जवळजवळ हेच.

आता तुम्ही म्हणाल, हे पुस्तकातलं झालं, प्रत्यक्षात असं पुढे पुढे जातं का? जातं. आपल्या महाराष्ट्रातलीच एक हकीगत सांगते. ती मी माहेरच्या माणसांबद्दल सांगावं इतक्या आपुलकीनं नेहमी सांगते, म्हणून थोडी लांबली तर सोसून घ्या.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. त्या आणि त्यांचा भाऊ अन्नासाठी वणवण हिंडले. पुढे रमाबाई कलकत्त्यात विद्वान म्हणून गाजल्या, विवाह झाला, आणि १८८२ मध्ये वर्षभराची लेक कडेवर असताना वैधव्य आलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधलं आपलं एक काम दाखवलं. समाजानं ‘वाईट चालीच्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळत असे. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे, की तिथं आधी आसऱ्याला आलेल्या काही बायका त्यांना भेटल्या, त्या आता स्वतः आजारी आणि अपंग माणसांची सेवा करत होत्या. आपल्याकडे अशा बायकांना कोणी दारात उभं करत नसे. रमाबाईंनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही हे कशामुळे करता? तेव्हा तिनं त्यांना येशू आणि विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनावर तिचा खोल ठसा उमटला.

हा झाला एक हात. आता पुढचे बघा. रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथल्या बायकांनी १८८७ मध्ये बोस्टनला मंडळ काढून दहा वर्षं मदत पाठवायचं कबूल केलं. कोणासाठी? कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या इकडच्या बालविधवांसाठी. त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या विधवा मुलींपैकी एक गोदूबाई नातू. लहानपणीच नवरा गेलेला, केशवपन झालेलं. सदनात ती शिकली, केस वाढले, मान वर झाली. १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह झाला धोंडो केशव कर्वे यांच्याशी. ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो नंतर हिंगण्याला गेला. आनंदीबाईंनी त्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकली, तिथंच कामाला लागली, आणि इंग्रजी जेमतेम येत असताना आश्रमाच्या मदतीसाठी अमेरिकेपर्यंत गेली. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं आणि संस्थेसाठी पैसे जमवले.

आता सांगा, बोस्टनच्या बायकांना त्यांचे पैसे परत कोणी केले? वाँटेजच्या भगिनींना रमाबाईंनी काय आहेर पाठवला? डबा पुढच्याच्या घरी गेला, तिथून त्याच्या पुढच्या घरी. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं ते यातूनच. लंडनला पाहिलेल्या कामासारखं एक ‘कृपासदन’ही त्यांनी तिथं काढलं. ज्या बाईनं उपाशी पोटी रस्ते तुडवले, तिला दुसऱ्याची भूक समजावून सांगावी लागली नाही.

याच हकिगतीत तुमच्या सासूबाईंच्या शंकेलाही जागा आहे, ती मी झाकून ठेवणार नाही. शारदासदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. मुलींना आपापलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली तिथं जाऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची बाजू अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही; लहान मुलीला आसरा देणाऱ्या माणसाच्या धर्माचं आकर्षण वाटणारच. रमाबाईंची बाजूही मला कळते. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना का करायची? पण गोदूबाईकडे बघा. ती हिंदूच राहिली, हिंदू संसार केला, आणि तिच्या यजमानांनी हिंदू विधवांसाठीच आश्रम काढला. ख्रिस्ती बायकांनी दिलेलं तिथंही पोचलं.

म्हणून सासूबाईंना एवढंच विचारा: मावशींनी तीन आठवड्यांत काही मागितलं का? डब्याबरोबर काही अट आली का? अट असेल तर ती प्रीती नव्हे, सौदा आहे, आणि तो नाकारायला कोणाची भीड नको. असा सौदा करणारी माणसं प्रत्येक धर्मात असतात. पण अट नसेल तर उगाच हेतू शोधत बसू नये. साडी तुम्हीच नेसा. मावशींना साडीपेक्षा माणसं हवी असतील. एकटी बाई आहे. बाळाच्या उष्टावणाला त्यांना बोलवा आणि खिरीचा पहिला चमचा सासूबाईंबरोबर त्यांनाही भरवू द्या. ती परतफेड नव्हे, ते शेजारपण.

आता ‘दुसऱ्या कोणाला तरी कर’ म्हणजे कोणाला आणि काय, हे बघू. मोठं काही नको. तुमच्या अंगावर दोन लेकरं आहेत, लगेच समाजसेवेला निघायचं नाही. आधी आजूबाजूला बघायचं. तुमच्या जिन्यात कोणाच्या घरात केमोथेरपी चालू आहे का? कोणाची सून पहिल्यांदाच माहेर सोडून परक्या गावी आली आहे का? धुणंभांड्याच्या बाईच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे का? दहावीच्या मुलीला पैशांपेक्षा संध्याकाळी दोन तास बसायला शांत जागा लागते, ती तुमच्या हॉलमध्ये आहे.

‘काही लागलं तर सांगा हं’, हे वाक्य मात्र कृपा करून टाकून द्या. ते आपण सगळ्याजणी म्हणतो आणि समोरची कधी सांगत नाही. सांगणार तरी कशी? त्याऐवजी नेमकं बोला. “मंगळवार आणि शुक्रवार रात्रीची पोळीभाजी माझ्याकडून.” “उद्या तुमच्या मुलाला माझ्या मुलाबरोबर शाळेत सोडते.” म्हणजे तिला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागतं. दिवस ठरवा आणि किती आठवडे तेही ठरवा. आरंभी रोज बासुंदी आणि दहा दिवसांनी काहीच नाही, यापेक्षा तीन आठवडे साधी खिचडी बरी. आजाऱ्याच्या घरी डबा नेताना पथ्य विचारा. मधुमेहवाल्याकडे शिऱ्याचा डबा नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत! आणि डबा असा द्या की परत करायची आठवण ठेवावी लागणार नाही. घरात पडून असलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे याच कामासाठी असतात. आजारपण असलेल्या घरात कोणाचा स्टीलचा डबा कोणता, याचा हिशोब ठेवणं हाही एक ताप असतो.

केलेलं चारजणींत सांगू नका. भिशीत “मी तिला रोज डबा देते हो” एवढं वाक्य गेलं, की ती बाई उद्यापासून तुमच्यासमोर मान खाली घालून जाणार.

आणि एक, जे मला जरा ठासून सांगायचं आहे. दान आपल्या ताटातलं करावं, दुसऱ्याच्या नाही. अण्णा कर्व्यांसारख्या मोठ्या माणसानं आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा आनंदीबाईंना ते फार लागलं. घर त्यांना चालवायचं होतं, मुलं त्यांची होती. या बाबतीत मी सरळ आनंदीबाईंच्या बाजूची आहे. तसंच सासूनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना डबे कबूल करायचे आणि पोळ्या सुनेनं लाटायच्या, यात पुण्य सुनेच्या पदरात जातं आणि नाव सासूचं होतं. घरात आधी बोला, यजमानांना सांगा, महिन्याच्या खर्चात त्याची थोडी जागा ठेवा. नाही जमलं त्या महिन्यात तर वेळ द्या, तोही नसेल तर फोनवर पाच मिनिटं ऐकून घ्या. त्या शोमरोन्यासारखं थोडं दुसऱ्या मैत्रिणीवर सोपवा. तीन घरांत वाटून घेतलं तर आठवड्याला कोणाच्या वाट्याला फार येत नाही.

पुष्कळजणींची खरी अडचण मात्र देण्यात नसतेच, घेण्यात असते. आपण दहा घरी डबे पोचवू, पण आपल्या घरी ताप आला की कुकर लावायला तशाच उठू. “नको हो, मी करते,” हे आपल्या जिभेवर बसलेलं. तुमच्या मावशींचंही तसंच असेल, त्यांनी साडी परत केली त्यात थोडं तेही असेल. पण ज्यांना घेता येत नाही त्यांच्याकडून घेताना समोरच्याला नेहमी संकोच वाटतो. म्हणून पुढच्या वेळी शेजारणीनं दारात उभं राहून “आज वरणभात आणू का?” असं विचारलं, की आढेवेढे न घेता हो म्हणा. आणि मुलांसाठी तिखट कमी घाला, म्हणूनही सांगा.